हवेत दम सोडणारं, खाली आल्यावर सुरळीत चालणारं इंजिन: तक्रार पुन्हा पुन्हा येते तेव्हा

टेक लॉगमधली (विमानाच्या तक्रारवहीतली) नोंद साधारण अशी असते: "डाउनविंडला थ्रॉटल मागे घेतल्यावर आरपीएम हळूहळू उतरला, इंजिन रफ झालं, फायनलवर आपोआप ठीक." (डाउनविंड म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर जाणारा टप्पा, फायनल म्हणजे धावपट्टीसमोरचा शेवटचा.) खाली दुसऱ्या अक्षरात उत्तर: "ग्राउंड रन घेतला. फाउंड सॅटिस." म्हणजे जमिनीवर इंजिन चालवून बघितलं, ठीक आहे. सही, शिक्का, विमान परत लाइनवर. आठ-पंधरा दिवसांनी तीच तक्रार, विद्यार्थी वेगळा. मग कोणी प्लग बदलतो, कोणी कार्बोरेटर उघडून साफ करतो. पुढचे काही दिवस काही झालं नाही की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. दुखणं मात्र तिथेच असतं. एखाद्या दिवशी ते टेकऑफनंतर पाचशे फुटांवर डोकं वर काढतं आणि विमान उसात उतरतं.

हे सगळं मी कार्बोरेटरवाल्या पिस्टन विमानांबद्दल लिहितोय: सेसना 150, 152, जुनी 172, आणि त्यांच्या जोडीची. 1996 नंतरच्या 172 मध्ये इंजेक्शनवालं इंजिन आलं, तिथे यातलं बर्फाचं प्रकरण वगळा. बाकीचं बरंचसं लागू पडतं.

अशा तक्रारींत इंजिनाची ताकद घालवणारी बहुतेक कारणं आपला पुरावा आपणच पुसून टाकतात. कार्बोरेटरमधला बर्फ टॅक्सी करेपर्यंत वितळतो. टाकीतली पोकळी कॅप उघडली की भरून निघते. न लॉक केलेला प्रायमर (इंजिन सुरू करताना जादा इंधन देणारा हातपंप) इंजिन बंद करताना कोणीतरी सवयीने आत ढकलून फिरवतो. गरम झाल्यावर दगा देणारी मॅग्नेटोची (प्लगांना वीज देणारं जनित्र, इंजिनाला असे दोन) कॉइल थंड झाली की पुन्हा ठिणगी देऊ लागते. पाणी ड्रेन करून अ‍ॅप्रनवर फेकलं जातं. तासाभराने आपण टूलबॉक्स घेऊन पोहोचतो तेव्हा समोर निरोगी इंजिन असतं. म्हणून "ग्राउंड रन सॅटिस" ही नोंद माझ्या लेखी निदान नव्हे. दोष आत्ता, या तापमानाला, या जागी दिसत नाही एवढंच ती सांगते.

उतरल्यावरचा पहिला अर्धा तास

इंजिन अजून चालू असेल आणि विमान सुखरूप टॅक्सी करत असेल, तर बंद करण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. एक, गरम अवस्थेतच मॅग चेक. सेसना 152 ला तो 1700 आरपीएमवर घेतात. एका मॅग्नेटोवर 125 पेक्षा जास्त घसरण नको आणि दोघांतला फरक 50 च्या आत हवा. आकडे वहीत लिहा, "नॉर्मल" असं लिहू नका. दोन, कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारा नॉब) पूर्ण ओढून आरपीएम किती पडतो आणि पडून तिथेच थांबतो की परत चढतो ते बघा.

मग इंजिन बंद. कॉकपिटमध्ये कोणीही काहीही सरळ करायच्या आत मोबाइलवर फोटो काढा: फ्युएल व्हॉल्व्ह कुठे आहे, मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा नॉब) किती आत आहे, प्रायमर लॉक आहे का, कार्ब हीट ओढलेली आहे का. (इंजिन बंद करायला मिक्श्चर ओढावंच लागतं, तेव्हा त्याची आधीची जागा पायलटला तिथल्या तिथे विचारा.) प्रायमर अर्धवट बाहेर राहिला तर कमी थ्रॉटलवर इंजिन त्यातून जादा इंधन ओढत राहतं आणि धूर काढत खडखडतं, फुल थ्रॉटलवर फारसं काही जाणवत नाही. हा दोष मेकॅनिकला कधीच सापडत नाही, कारण त्याच्या हातात विमान येईपर्यंत प्रायमर लॉक झालेला असतो.

त्यानंतर टाकीची कॅप. सावकाश उघडा आणि कान जवळ न्या. आत हवा ओढल्याचा फस्स आवाज आला तर तुमचं अर्धं काम झालं: व्हेंट बंद आहे. ही परीक्षा एकदाच मिळते. कॅप उघडली की संपली. त्यामुळे उत्साही हेल्परला आधीच सांगून ठेवा, "दादा, मी आल्याशिवाय कॅपला हात लावू नका."

शेवटी ड्रेन. नमुना काचेसारख्या स्वच्छ जारमध्ये घ्या, फेकू नका, विमानाचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा.

हे सगळं विमान धडधाकट धावपट्टीवर आलं असेल तेव्हाचं. अपघात झाला असेल तर माणसांना बाहेर काढणं आणि आग रोखणं याखेरीज कशालाच हात लावायचा नाही. पुढचं काम डीजीसीए (विमान वाहतूक नियामक) आणि एएआयबीचं (अपघात तपास संस्था). भल्या हेतूने बंद केलेला एक स्विचही तपासाला भलतीकडे नेऊ शकतो. जीव वाचवण्यासाठी बंद केलाच असेल तर तसं लगेच लिहून ठेवा.

पायलटला काय विचारायचं

"काय झालं?" असं विचारलं की "पॉवर गेली" एवढंच उत्तर मिळतं. प्रश्न बारीक हवेत. ताकद हळूहळू गेली की खटक्यात? जाताना इंजिन गुळगुळीत होतं की थरथरत होतं? थ्रॉटल तेव्हा कुठे होता, आणि तो हलवून किती वेळ झाला होता? परत कधी आलं, आणि त्याआधी तुम्ही नेमकं काय केलं?

हळूहळू आणि बहुतांशी गुळगुळीत उतरणारा आरपीएम हवेच्या वाटेकडे बोट दाखवतो: बर्फ, तुंबलेला फिल्टर, दबलेला होज. खटक्यात शांत झालेलं इंजिन बहुधा इंधन तुटल्याचं असतं. सगळं विमान हादरवणारी थरथर म्हणजे चारातला एक सिलिंडर कामावर नाही. काळा धूर निघाला तर इंधन जास्त आणि हवा कमी. हे ठोकताळे आहेत, अपवाद निघतात, पण कुठून सुरुवात करायची ते ठरतं.

आणखी एक प्रश्न, जरा जपून विचारायचा. कार्ब हीटऐवजी मिक्श्चर तर ओढलं गेलं नाही? 152 मध्ये थ्रॉटलच्या एका बाजूला एक नॉब आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. नवा विद्यार्थी रेडिओ ऐकत, बाहेर बघत, हाताच्या अंदाजाने नॉब ओढतो. इंजिन दम सोडतं, तो घाबरून परत ढकलतो, आणि खाली आल्यावर सरांसमोर गप्प बसतो. त्याला ओरडा खाण्याची भीती नसेल तरच हे बाहेर येतं. ज्या स्कूलमध्ये विद्यार्थ्याला चारचौघांत झापतात, तिथल्या लॉगमध्ये "कारण सापडलं नाही" या नोंदी जास्त असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

बर्फ, तोही आपल्याकडे

इथे सर्वांत जास्त अविश्वास असतो. "बारामतीत बर्फ? सर, काश्मीर आहे का हे?" पण कार्बोरेटरमधला बर्फ बाहेरच्या थंडीतून येत नाही, तो आतच तयार होतो. लग्नाच्या मांडवात आचारी मोठी भट्टी पेटवतो तेव्हा भर उन्हाळ्यातही सिलिंडरच्या खालच्या अंगाला दव धरतं आणि कधी पांढरं हिम चढतं; आतला द्रव वायू होताना उष्णता ओढून घेतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना तेच होतं, वर व्हेंच्युरीतून जाताना हवेचा दाब आणि तापमान पडतं ते वेगळंच. दोन्ही मिळून तापमान 30 अंश सेल्सिअसपर्यंत, कधी त्याहूनही जास्त घसरतं. बाहेर 25 असेल तर थ्रॉटलच्या पाकळीजवळ शून्याखाली. हवेत दमटपणा असला की पाकळीच्या कडांवर बर्फ बसलाच.

अमेरिकेच्या एफएएच्या (तिथली विमान नियामक संस्था) हँडबुकात दिलेली धोक्याची ढोबळ कसोटी अशी: तापमान 21 अंशांखाली आणि आर्द्रता 80 टक्क्यांवर असेल तर शक्यता सर्वाधिक, पण 38 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रतेतही बर्फ धरू शकतो. आता आपला श्रावण आठवा. पठारावरची सकाळ, रिमझिम थांबलेली, ढग खाली, जवळच्या विमानतळाच्या मेटारमध्ये (हवामान अहवालात) 24/22. म्हणजे तापमान 24, दवबिंदू 22. बर्फाच्या तक्त्यावर ही जोडी लावून बघा: थ्रॉटल कमी असताना गंभीर बर्फाच्या पट्ट्यात येते. म्हणजे काश्मीर सोडा, कोरड्या कडाक्याच्या थंडीपेक्षा आपला पावसाळा कार्बोरेटरला वाईट. धुळ्याच्या जानेवारीतली कोरडी पहाट त्यामानाने निवांत.

थ्रॉटल कमी असताना धोका जास्त का? पाकळी जवळजवळ मिटलेली असते, फट बारीक असते, थोड्या बर्फानेही ती बुजते. शिवाय इंजिन थंड होत असतं. म्हणून तक्रार डाउनविंडला, डिसेंटमध्ये, ग्लाइडच्या सरावात येते. जमिनीवरच्या रन-अपमध्ये (उड्डाणाआधीच्या इंजिन चाचणीत) नाही.

इंजिनाचा घाटही महत्त्वाचा. सेसना 150 मधल्या काँटिनेंटल ओ-200 ला बर्फाची खोड जास्त, कारण त्याचा कार्बोरेटर गरम भागांपासून दूर लटकलेला असतो. 152 मधल्या लायकमिंग ओ-235 मध्ये तो ऑइल सम्पला खालून बोल्ट केलेला असतो आणि त्याला आयती ऊब मिळते. "लायकमिंगला बर्फ धरतच नाही" असं यावरून ठोकून देणारे इन्स्ट्रक्टर भेटतात. धरतो. उशिरा आणि कमी धरतो, एवढाच फरक.

आता खूण. स्थिर पात्यांच्या पंख्याला आधी आरपीएम उतरतो, तोही इतक्या हळू की पायलट नकळत थ्रॉटल पुढे सारतो आणि घसरण झाकली जाते. रफनेस नंतर येतो. अशा वेळी कार्ब हीट पूर्ण ओढली की इंजिन आधी आणखी वाईट होतं: गरम हवा विरळ, म्हणून आरपीएम शंभरेक उतरतो, मग वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये जातं आणि इंजिन ठेचकाळतं. घाबरून नॉब आत ढकलायचा मोह इथेच होतो. ढकलू नका. थोड्या वेळात आरपीएम चढू लागतो, आणि हीट बंद केल्यावर तो पहिल्यापेक्षाही वर जातो. ही चढण म्हणजेच निदान. बर्फ नसेल तर आरपीएम उतरतो आणि तिथेच थांबतो. पायलटकडून हे एक वाक्य मिळालं, "ओढल्यावर आधी पडला, मग चढला," तर प्लग, मॅग्नेटो, कार्बोरेटर काहीही उघडायची गरज नाही.

अर्धवट हीट देऊ नका. कार्बोरेटर तापमानाचं गेज असेल तरच तिचा हिशेब लागतो. आणि हीट जमिनीवर उगाच चालू ठेवू नका, कारण ती हवा फिल्टरमधून येत नाही. आपल्याकडच्या मुरमाच्या धुळीत ते सिलिंडरला महागात पडतं.

बर्फ ठरला तर विमानात दोष नाही असं मात्र समजू नका. कार्ब हीट खरोखर काम करते का, ते काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडून बघा. एकाने कॉकपिटमध्ये नॉब पूर्ण ओढायचा, दुसऱ्याने एअरबॉक्सचा फ्लॅप बघायचा. केबलचं बाहेरचं आवरण क्लॅम्पमधून सरकलेलं असतं, नॉब तीन बोटं बाहेर येतो आणि फ्लॅप अर्ध्यावरच थांबतो. एक्झॉस्टच्या आवरणापासून येणारा स्कॅट होज (गरम हवेची लवचिक नळी) हाताने दाबून, वाकवून बघा; बाहेरून धड दिसणाऱ्या होजचं आतलं अस्तर सुटून वाट बंद करतं. रन-अपमध्ये कार्ब हीट ओढून आरपीएम अजिबात पडला नाही की विद्यार्थी खूश होतात, "ड्रॉप झीरो!" त्याचा अर्थ गरम हवा पोहोचतच नाहीये. तो स्नॅग (दोष) आहे, लॉगमध्ये लिहा.

इंधन टाकीत आहे, इंजिनापर्यंत येत नाही

सेसना 152 आणि 172 चा व्हेंट डाव्या पंखाखाली, स्ट्रटजवळ (पंखाच्या तिरक्या आधारदांड्याजवळ) असतो. बोटाएवढी नळी. विमान चार दिवस उभं राहिलं की कुंभारीण माशी त्यात मातीचं घर बांधून मोकळी होते. व्हेंट बुजला की टाकीतून जेवढं इंधन जातं तेवढी हवा आत येत नाही, पोकळी वाढत जाते आणि प्रवाह आटतो. या विमानांत इंधन वरच्या पंखातून आपल्या वजनाने खाली येतं, ढकलायला पंप नाही. काही कॅपमध्येही व्हेंट असतो, पण त्याची रबरी झडप चिकटलेली असेल तर त्याचा आधार धरू नका. तारेने नळी खरवडून प्रश्न सुटत नाही, माती आणखी आत जाते. नळी सोडवून, उलट्या बाजूने हवा मारून साफ करा.

पाण्याबद्दल सगळे बोलतात, म्हणून एकच सापळा सांगतो. ड्रेनचा नमुना घेतला, जार उजेडाला धरला, आत एकसारखं पारदर्शक द्रव, तळाला थेंब नाही, विद्यार्थी म्हणतो "क्लिअर". क्लिअर आहेच, कारण अख्खा जार पाण्याचा आहे. अ‍ॅव्हगॅस 100 एलएल निळसर असतं. पांढऱ्या भिंतीसमोर किंवा कागदासमोर धरून रंग बघा, वास घ्या. रंग फिका आणि वास रॉकेलसारखा असेल तर प्रकरण पाण्यापेक्षा भयंकर आहे: टाकीत जेट फ्युएल मिसळलंय. दोन थेंब कोऱ्या कागदावर टाका. अ‍ॅव्हगॅस उडून जातं, जेट फ्युएल तेलकट डाग ठेवतं. असं मिश्रण घेऊन इंजिन सुरू होतं, टॅक्सीही करतं, आणि पूर्ण ताकद मागितली की डेटोनेशनने (सिलिंडरमध्ये इंधनाचा बेताल स्फोट) पिस्टनची वाट लागते.

पाणी कुठून आलं याचा शोध घेतल्याशिवाय थांबू नका. रात्री अर्ध्या टाकीत दव धरतं म्हणून पाणी येतं, असं हँगरमध्ये नेहमी म्हणतात. मला विचाराल तर पावसाळ्यात उघड्यावर उभ्या विमानात बहुतेक वेळा गुन्हेगार कॅपचं कडक झालेलं रबर असतं. पंखावर बादलीभर पाणी ओता, तासाभराने ड्रेन करा, उत्तर मिळेल. ड्रेन सगळे करा. 172 च्या नव्या मॉडेलांत ते 13 आहेत, आणि घाईच्या सकाळी चार-पाच झाले की "झालं" म्हणतात.

इंधन संपणं हेही कारण असतं आणि कबूल करायला सर्वांत जड जातं. 152 च्या नेहमीच्या टाक्यांत 26 यूएस गॅलन मावतं, त्यातलं 24.5 वापरता येतं, म्हणजे साधारण 93 लिटर. गेजवर विश्वास नको, डिपस्टिक टाका, आणि उतारावर उभ्या विमानात डिपस्टिकही एका बाजूला खोटं बोलते.

तापल्यावर किंवा थंड असतानाच दिसणारे दोष

मॅग्नेटोची कॉइल तापल्यावर आतून तुटते, थंडीत जुळते. म्हणून तो गरम मॅग चेक. थंड आणि गरम आकड्यांत मोठी तफावत दिसली तर मॅग्नेटो काढून बेंचवर तापवून तपासायला पाठवा. 500 तासांची तपासणी लांबली असेल तर वाद घालत बसू नका. कोणता सिलिंडर रुसलाय ते बघायला वाईट मॅग्नेटोवर इंजिन थोडं चालवून बंद करा आणि चारही एक्झॉस्ट पाइपांवर आयआर थर्मामीटर धरा. गार असेल तो आपला. पंख्याला हात लावताना मॅग्नेटो चालूच आहे असं धरून चाला, किल्ली खिशात असली तरी.

लायकमिंगचा उलटा आजार म्हणजे हँगरमधला "मॉर्निंग सिकनेस". पहाटेच्या पहिल्या स्टार्टला एक सिलिंडर मिस होतो, मिनिट-दोन मिनिटांत इंजिन सुरळीत. सगळे म्हणतात, थंडी आहे, होतं असं. तसं नसतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये शिसं आणि कार्बनचा थर बसून व्हॉल्व्ह अडकतोय, आणि एक दिवस तो हवेत अडकून पुशरॉड वाकवेल. लायकमिंगचं सर्व्हिस बुलेटिन 388 सी याच तपासणीचं आहे. ही तक्रार लॉगमध्ये न लिहिता चहावर सांगितली जाते, हाच तिचा खरा धोका.

मफलरच्या आतले बॅफल (आडवे पत्रे) तुटले की सुटा तुकडा आत फिरतो. कधी बाहेरची वाट अडवतो आणि ताकद जाते, कधी बाजूला पडतो आणि सगळं ठीक. मफलर हाताने ठोकून आवाज ऐका, टॉर्च मारून आत बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि महिनोन्महिने छळणाऱ्या तक्रारीचं उत्तर कधी कधी तिथे निघतं.

मॅन्युअलने ज्याबद्दल सांगितलंच नव्हतं

5 मार्च 2015 ला कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका विमानतळावरून अभिनेते हॅरिसन फोर्ड आपलं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं रायन पीटी-22 जातीचं विमान घेऊन उडाले. साधारण 1,100 फुटांवर इंजिनाने ताकद सोडली. त्यांनी परतायचा प्रयत्न केला, पोहोचणार नाही हे कळल्यावर शेजारच्या पेनमार गोल्फ कोर्सकडे वळले, झाडाच्या शेंड्याला घासून खाली आदळले. जबर जखमी झाले, पण वाचले.

अमेरिकेच्या एनटीएसबीने (तिथली अपघात तपास संस्था) तपास केला तेव्हा कार्बोरेटरमधलं मुख्य मीटरिंग जेट आपल्या बैठकीतून आटे सुटून बाहेर आलेलं आणि 90 अंशात आडवं झालेलं सापडलं. इंधन बेसुमार वाहिलं, मिश्रण फारच गडद झालं, इंजिन गुदमरलं. कार्बोरेटर सुमारे 17 वर्षांपूर्वी विमान नव्याने उभं करताना दुरुस्त केलेला होता, आणि ते जेट घट्ट आहे का हे मधूनमधून बघा असं देखभालीच्या सूचनांत कुठेच नव्हतं. म्हणजे कोणी काम चुकवलं नव्हतं. त्या स्क्रूकडे बघायचं कारणच कोणाला दिलेलं नव्हतं. खांद्याचा पट्टा नीट बसवलेला नव्हता आणि त्याने दुखापत वाढली, हेही अहवालात आहे.

आपल्याकडची विमानंही तरुण नाहीत. सेसनाने 152 बनवणं 1980 च्या दशकातच थांबवलं. शेवटचा ओव्हरहॉल होऊन तास कमी पण वर्षं पुष्कळ झाली असतील, तर कार्बोरेटरकडे वर्षांच्या हिशेबाने बघा: जेट, व्हेंच्युरी, फ्लोट, सेफ्टी वायर. आणि काउलिंग उघडलीच आहे तर सीटचे पट्टे आणि त्यांचे बोल्टही बघून घ्या. ताकद कशाने गेली हे शोधताना, गेल्यावर माणूस वाचेल का हे विसरायला होतं.

हवेत असताना

पायलटसाठी थोडक्यात, बाकी हँडबुक आहेच. आधी नाक आणि वेग: 152 ला 60 नॉट्स, 172 एन ला 65. मग कार्ब हीट, आणि ती लगेच. ही ऊब एक्झॉस्टमधून येते. इंजिन पूर्ण बसल्यावर एक्झॉस्ट गार होत जातो आणि हीट ओढून उपयोग राहत नाही. मग फ्युएल व्हॉल्व्ह, मिक्श्चर रिच, मॅग्नेटो बोथ, प्रायमर लॉक. 1,000 फुटांमागे वारा नसताना साधारण दीड नॉटिकल मैल हाताशी असतात, त्यात शेत निवडा. टेकऑफनंतर लगेच ताकद गेली तर धावपट्टीकडे मागे वळण्याच्या नादी लागू नका. समोरच्या शेतात, डावी-उजवीकडे थोडं वळून, पंख सरळ ठेवून उतरलेला माणूस बहुधा चालत बाहेर येतो, आणि कमी वेगात तीव्र वळण घेऊन स्टॉल झालेला (पंखांची उचल गमावलेला) बहुधा येत नाही. उसाचं उभं पीक आणि विजेच्या तारा यांत पीक निवडा.

तरीही सापडलं नाही तर

एका वेळी एकच भाग बदला. प्लग, मॅग्नेटो आणि कार्बोरेटर एकाच दिवशी बदलून तक्रार गेली तर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि शेजारच्या विमानाला तेच झालं की पुन्हा शून्यापासून सुरुवात. लॉगमध्ये दर तक्रारीसोबत तापमान, दवबिंदू, थ्रॉटलची स्थिती, टाकीतलं इंधन आणि उड्डाणाचा कितवा मिनिट हे पाच आकडे लिहायची शिस्त लावा. महिनाभरात नमुना दिसतो: सगळ्या तक्रारी दमट सकाळच्या, किंवा सगळ्या टाकी अर्ध्याखाली गेल्यावरच्या, किंवा सगळ्या तासाभराच्या उड्डाणानंतरच्या. तेच उड्डाण त्याच हवेत, इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून, धावपट्टीच्या डोक्यावर उंची राखून पुन्हा करता येतं.

आणि टॅकोमीटर तपासा. हे मी शेवटी लिहितोय, पण खरं तर आधीच करायला हवं. जुनं मेकॅनिकल टॅको वय झाल्यावर कमी दाखवतं, केबल कोरडी पडली की काटा नाचतो, आणि पायलट प्रामाणिकपणे लिहितो "आरपीएम फ्लक्चुएटिंग". ऑप्टिकल टॅको दोन पात्यांवर सेट करून आकाशाच्या पार्श्वभूमीवर पंख्याकडे धरा आणि गेजशी ताडून बघा, कमी, मध्यम आणि पूर्ण थ्रॉटलला. फरक निघाला तर गेज बदला, आणि जुन्या नोंदींतले मॅग ड्रॉपचे व स्टॅटिक आरपीएमचे (उभ्या विमानात फुल थ्रॉटलला मिळणाऱ्या) आकडे त्या फरकाने दुरुस्त करून मगच नव्यांशी तुलना करा.